पाचवा दिवा

इकेजाच्या बाजारात, जिन्याखालच्या दुकानात,
एबिएरे पॉवर सप्लाय आधी तळहातावर तोलायची,
मासळीवाली मासा तोलते तसा.
लेबल वाचायची मागाहून.
"तांबं खोटं बोलत नाही," म्हणायची,
"हलका लागला की ठेव परत."
दोन वर्षांत मी एवढंच शिकलो होतो,
आणि कुठला स्क्रू कुठल्या डबीत टाकायचा ते.

मग ओसारेमे आला, ऐन दुपारी,
खांद्यावर पीसी, पोत्यासारखा.
लग्नाच्या फिल्मा जोडणारा पोरगा.
एक्स्पोर्ट दाबलं की पंखे चढत जातात
आणि नवरीवर नोटांची उधळण चालू असतानाच
सगळं काळं.
तीन आठवडे झाले,
नवरीचे मामा रोज फोन करतात.

"पण हजार वॉटचा आहे," तो म्हणाला,
"सोनेरी अक्षरांत लिहिलंय."

एबिएरेनं सप्लाय काढला, तोलला.
जड होता. चांगलाच जड.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली.
दोघंही चुकलो.

मागच्या फळीवर तिचे दिवे असतात:
भंगारातल्या पीजो गाड्यांचे,
पंचावन्न वॉटचे, दहा,
एका लाकडी पट्टीवर, प्रत्येकाला आपलं बटण.
ती पट्टी ती क्वचितच उतरवायची.
त्या दिवशी उतरवली, का ते सांगितलं नाही.
बाहेर जनरेटर धडधडत होता.
एक. दोन.
ओसारेमेचा चेहरा उजेडानं पिवळा झाला.
तीन. चार, जरा मंद.
पाचव्याला फट्‌ असा आवाज,
जळक्या प्लास्टिकचा वास,
अंधार.

अर्धा तास ती थांबली,
आतली वीज लगेच मरत नाही म्हणून.
मग डबा उघडला.
ट्रान्सफॉर्मर अंगठ्याएवढा,
आणि कोपऱ्यात, सरसानं चिकटवलेला,
लोखंडाचा एक ठोकळा.
एकही तार त्याच्याकडे जात नव्हती.
कुणीतरी, कुठेतरी,
नेमका तिच्यासारख्या हातांचा विचार करून
तो तिथं बसवला होता.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हिशेब मांडला.
प्रोसेसर एकशेपंचवीस,
ग्राफिक्स कार्ड दोनशेवीस,
बोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे, धर ऐंशी.
चारशेपंचवीस.
"मग पाचशेचा चालेल?"
"चालेल, आणि धापाही टाकेल.
कार्ड क्षणभर भलतंच मागून बसतं,
पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखं.
साडेसहाशे घे. पण खरे."
"हजार नको?"
"तुला हजार लागतात कुठे?
वरचे पैसे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाल.
वीज जाते तेव्हा लेबल उजेड देत नाही."

साडेसहाशेवाला आम्ही तोलला नाही.
सरळ दिव्यांना जोडला.
पाच. मी श्वास धरला. सहा.
सात, आठ, नऊ.
दहावा दिवा पेटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.
दुकानात भट्टीसारखी धग,
जिन्यावरचे लोक वाकून बघू लागले,
लहान मुलं तर बसलीच पायरीवर.
एबिएरेनं घड्याळात वीस मिनिटं मोजली.
सप्लायचा पंखा आपला फिरत होता,
जसं काही घडतच नव्हतं.
ओसारेमे फोनवर मामांना सांगत होता:
उद्या. नाही, नक्की. उद्या.

लोखंडाचा ठोकळा तिनं फेकला नाही.
पावत्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवते.
"लागला एकदाचा कामाला," म्हणते.

तरी नवा माल आला की
तिचा तळहात आपोआप पुढे होतो,
मध्येच थांबतो,
आणि मी फळीवरून
दिव्यांची पट्टी उतरवतो.