पेच, खिडकी क्रमांक तीन

काच मी माझ्या बाजूने रोज पुसते.
त्या बाजूने पोरं कपाळ टेकवतात,
ते डाग माझ्या फडक्याला लागत नाहीत.

पेचच्या वैद्यकीय विद्यापीठात एकोणीस वर्षं
मी फी घेते.
घेते म्हणजे बघते.
पैसे बँकेत जातात, माझ्या पडद्यावर येते नुसती ओळ:
कोणाकडून, किती,
आणि एक रकाना – कशासाठी.
पस्तीस अक्षरं मावतात त्यात.

नॉर्वेच्या पोरांच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक असतो.
सरकारी कर्ज, ठरल्या तारखेला, शेवटच्या सेंटपर्यंत.
अशा ओळीवर शिक्का मारताना
मी दुपारच्या सुपाचा विचार करू शकते.

मुतिंता म्वेंबाची फी तुकड्यातुकड्यांनी येते.
चोमाहून, आई. शाळेचे गणवेश शिवते.
रकान्यात: हाडांसाठी.
(पहिल्या वर्षी हाडंच शिकवतात इथे. आईला ते ठाऊक आहे.)
किटवेहून भाऊ, खाणीवर ट्रक चालवतो.
रकान्यात: उरलेले पुढच्या महिन्यात देवाशप्
एवढ्यावर अक्षरं संपली.
मोन्झेच्या चर्चमधल्या बायका, एकशे बारा युरो.
आणि कोणी एक शिक्षक, चारशे,
रकान्यात: परत नको.

हे वाचायचा पगार मला मिळत नाही.
नियमाप्रमाणे फक्त आकडा बघायचा.
पण एकोणीस वर्षं आकडे बघितले की
डोळे आपसूक उजवीकडे सरकतात.

जानेवारीत बेरीज आली, अठरा युरो कमी.
कोणी कमी पाठवले नव्हते.
लुसाका ते पेच या वाटेवर मधे कुठेतरी
एका बँकेने हात ओला करून घेतला होता,
दर तुकड्यामागे थोडाथोडा.
बाकी शून्य झाल्याशिवाय
परीक्षेच्या यादीत नाव चढत नाही.
यादी शुक्रवारी बंद.

मुतिंता काचेपलीकडे उभी.
खिशातून नोटा काढल्या, वर चिल्लर,
मोजून अठरा.
मी म्हटलं, रोख घेत नाही आम्ही.
हे वाक्य मला चार भाषांत येतं.
बँकेतून भरलेत तर सोमवारी दिसतील.
ती म्हणाली, सोमवारी.
प्रश्न नव्हता तो.

माझ्या आईच्या गावात दवाखान्याला कुलूप आहे.
डॉक्टर ग्राझला गेला, पगार तिप्पट.
दारावर एक फोन नंबर आहे, तोही बंद.
ही मुलगीही शिकून जाईल कुठेतरी.
चोमाला जाईल, नाहीतर ग्राझला.
मला कोणी विचारलेलं नाही, आणि विचारूही नये.

सुपाच्या वेळेत मी रस्ता ओलांडला.
आमची बँक आणि विद्यापीठाची बँक एकच,
इथल्या इथे पैसे तासाभरात पोचतात.
अठरा युरो लिहिले.
कशासाठी, हा रकाना आला,
आणि माझ्याकडे एक अक्षर नव्हतं.
मागे रांग खाकरली.
मी लिहिलं: हाडांसाठी.

पावणेतीनला माझ्याच पडद्यावर
माझंच नाव आलं,
पूर्ण, आडनावासकट,
जसं कर्जदाराचं येतं.
मी शिक्का मारला. हात जरा चुकला,
शाई तारखेवर सांडली.

संध्याकाळी ती आली.
कोणी पाठवले, विचारलं.
मी म्हटलं, खिडकीवरून नावं सांगत नाही.
ती हसली नाही, आभारही मानले नाहीत.
वहीत काहीतरी लिहिलं:
आईचं, भावाचं, बायकांचं, शिक्षकाचं,
या हिशेबाखाली एक नवी ओळ.
अठरा. पुढे रिकामी जागा.

त्या रिकाम्या जागेचा मला राग आला,
अजून येतो.
तिने ती फेडायची ठरवली आहे,
हे काचेतूनही कळत होतं.