सात का, माहीत नाही

आई शेजारणीला सांगते, ही दुसऱ्यांची पाकिटं उघडते.
शेजारीण विचारते, पोलीस नाही ना येत घरी?
काकू, पत्र नाही वाचत मी.
पत्राला कुलूप असतं.
मी फक्त वरचं बघते: कुणी, कुणाला, किती वजनाचं.

पत्ता हवेत खोली नंबरापासून सुरू होतो,
मग मजला, मग इमारत, गाव सगळ्यात शेवटी.
माझ्या पडद्यावर गाव आधी लागतं.
तेवढं फिरवून ठेवते.
नोकरी विचाराल तर बरीचशी हीच.

भांडुप, तिसरा मजला, रात्रीचे साडेअकरा.
सदतीस, अडतीस, एकोणचाळीस,
या तीन वाहिन्यांवर सगळी बिल्डिंग आपापलं नाव पुकारत असते.
नाडकर्ण्यांचा वजनकाटा.
चार्जिंगला लावलेलं कुणाचं घड्याळ.
वॉचमनच्या खुर्चीखालचा स्पीकर.
आणि कुणीतरी एक, ज्याला नावच दिलेलं नाही,
ते सेकंदाला दहादा सांगतं की मी आहे.

परळहून ज्ञानदा ताटकेची फाइल आली.
ती कानातली यंत्रं तपासते.
एका आजोबांच्या डाव्या कानाची बॅटरी बासष्ट टक्के,
उजव्याची दोनशे चौदा.
खाली एकच ओळ:
यंत्र खोटं बोलतंय, की तुम्ही?

यंत्र खरं बोलत होतं.
त्यानं आधीच सांगितलेलं, माझ्यामागे पाच बाइट आहेत.
मी पाच ऐकले आणि सात उचलले,
दोन शेजारच्या ताटातले.
मग पुढची सगळी पंगतच दोन पानं सरकली,
आणि बॅटरीच्या जागी येऊन बसलं
भलतंच कुणीतरी, भरल्या पोटी.

ती ओळ बारा वर्षांपूर्वीची. तिच्या डोक्यावर शेरा:
सात का, माहीत नाही. पण चालतं. हि. डा.

हिलरी डाबरे आता गिरीजला असतो, वसईत.
रविवारी मिस्सा सुटल्यावर फोन लावला.
मागे कोंबड्या, कुणीतरी बादली आपटत होतं.
सात? म्हणाला, आणि बराच वेळ काही नाही.
मग: अगं, तेव्हा माझ्याकडे एकच हेडसेट होता.
तो सातच पाठवायचा.

हसणार होते.
पण माझ्याही ओळी आहेत तिथे, हजारभर,
आणि त्या लिहिताना माझ्या टेबलावर काय काय होतं
ते आता आठवत नाही.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला मन्सूर खोतच्या दुकानात
स्टुलावर बसून राहिले, मांडीवर लॅपटॉप.
त्यानं परत आलेल्या मालाचा खण ओढला,
एकेक चालू करून काचेवर मांडत गेला.
एक्केचाळीस झाले.
पाच, पाच, नऊ, पाच, सात, पाच.
एकानं शून्य सांगितलं
आणि खरोखरच काही पाठवलं नाही.
तो मला आवडला.
मन्सूर म्हणाला, न्या तो, त्याला गिऱ्हाईक नाही.

दुरुस्ती एका ओळीची.
सात खोडून लिहिलं: जितके सांगेल तितके.
त्यापेक्षा कमी आले तर थांब, लाल कर, पुढच्याला हात लावू नको.

मग जुनी सगळी रेकॉर्डिंगं पुन्हा चालवली,
नवं जोडताना जुनं मोडू नये म्हणून.
त्यात हिलरीचीही फाइल, बारा वर्षांपूर्वीचा मंगळवार,
दुपारी चार वाजून दहा.
आवाज एक पायरी वर.
एक पायरी खाली.
परत वर.
रिकाम्या खोलीत बटण दाबून बघणारा अंगठा.
सातच्या सात, बरोबर लागले.

शेरा मी काढला नाही. खाली माझा जोडला:
सात म्हणजे हिलरीचा हेडसेट.

ज्ञानदाला कळवलं: चूक आमची.
उजवा कान एकोणीस टक्के.
आजोबांना सांग, रात्री आठवणीनं डबीत ठेवा.