रकाना दहा

गंज पेठेत तिसरा जिना चढून
मी जनगणनेची पिशवी खांद्यावरून उतरवली
आणि म्हटलं, आधी पाणी द्या.
म्हातारीनं आत हाक दिली, "नीळ्ळु!"
सून तांब्या घेऊन आली.
वृषाली अंबादास यमुल. माहेर ओतूर.

वयं, लग्नं, शिक्षण भराभर भरलं.
पेन अडलं ते दहाव्या रकान्याशी.
मातृभाषा.
नियम मला पाठ आहे:
लहानपणी आई बोलली ती.
आई तान्हेपणी गेली असेल, तर घरात बोलत ती.
सांगतील ते लिहा.
वाद घालू नका.

नरसव्वाचं सोपं. तेलुगू.
सत्तरी ओलांडलेली, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, जर्दा, कात्री.
माझ्याकडे बघत बघत तिचे हात वळत होते,
ओठ मोजत होते,
पंचवीस झाल्या की दोरा.

वृषालीचं मराठी.
"पण तेलुगू पण येतं, लिहा ना.
भांडायला लागायचं म्हणून शिकले.
पहिलं वर्षभर ह्या बोलायच्या
आणि मला कळायचं नाही,
शिवी आहे का आमटीत मीठ नाही."
नरसव्वा गालात हसली.
म्हणजे दोन्ही असणार.

राहिला अंबादास.
बोहरी आळीत, नटबोल्टच्या दुकानात कामाला.
"त्याचं तेलुगूच ना?" मी लिहायलाच घेतलं.
सुपातले हात थांबले. मोजणी अर्ध्यात.

"त्याला येत नाय.
साळंत बाईंनी बोलिवलं होतं.
म्हन्ल्या, पोरगं मागं पडतंय, घरात मराठी बोला.
मला कुटं येत होती, बाई?
तीनच शब्द येत होते.
जेव. झोप. जा.
तेच बोलले."

किती वर्षं, ते मी विचारलं नाही.
त्याला फॉर्मात जागा नाही.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. चौथी ब.
गेल्या जूनमध्ये पालकसभेनंतर
एका बाईला थांबवून घेतलं होतं,
खुर्ची दिली होती, चहा मागवला होता,
आणि अगदी चांगल्या आवाजात सांगितलं होतं,
घरी जरा मराठी बोलत चला.
ती मान हलवत राहिली.
कुठली होती? यादगीरकडची?
मी विचारलं नव्हतं.
चहा तिनं तसाच ठेवला.
पोरगा आता धडा वाचतो, न अडखळता.
घरी काय बोलतो कोण जाणे.

"भार्गवचं मात्र तेलुगू लिहा," सून म्हणाली.
"पण आई तर तुम्ही?"
"मीच. पण पाळण्याशी मी ह्यांचंच म्हणायचे.
ह्याच शिकवायच्या, कडव्याला कडवं.
निम्मं मला कळायचं नाही.
त्याला कळत असणार. झोपायचा."
भार्गव फरशीवर पालथा पडून
हत्तीला हिरवा रंग देत होता.
मान वर न करता म्हणाला,
"मला हिंदीपण येतं. कार्टूनचं."

तेही लिहिलं, पुढच्या रकान्यात.

मग परत अंबादास.
नरसव्वानं फॉर्मकडे बोट केलं.
"केवढी जागा हाय त्याला?"
मी दाखवली. एका शब्दाची.
तिनं चष्मा न लावताच बघितली.
"मंग ऱ्हाऊ द्या.
सांजच्याला येतो. त्यालाच इचारा."

आणि मला, "तुमचं काय लिवलंय?"
"मराठी."
"आईचं?"
"मराठीच."
"बरंय," ती म्हणाली,
आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.

मी पेन्सिलीनं बारीक फुली केली,
पिशवी उचलली.
दुसऱ्या जिन्यावर पोचेतो
वरून दोघींचा आवाज चढला,
भरधाव, एकमेकीत घुसणारा तेलुगू,
मध्येच "अहो पण आत्या",
मध्येच भांड्याचा दणका.
कठड्याला धरून मी ऐकत उभी राहिले, बराच वेळ.
सगळ्यात मिळून एकच शब्द ओळखीचा निघाला.
नीळ्ळु.
पाणी आलं असावं,
किंवा गेलं.