तीस सेकंद

शिवलीलानं कॅबिनेट उघडलं तेव्हा
आत पंख्याभोवती एक टॉवेल विणायला घेतलेला.
सतरा वर्षांची तुसं, पांढरी, मोरपंखी,
मधेच सोळा सालच्या त्या लाल ऑर्डरची
जिचे पैसे अजून यायचेत.
"मामा, ह्यो चालतो कसा ओ अजून?"
खालच्या मागांना विचार, मी म्हटलं.
ते याच्याहून थोरले.

साखर पेठ, दुपारचे दोन.
घागरीला ओलं फडकं गुंडाळलेलं,
तसंच एक याच्याही डोक्यावर ठेवावं
इतका पत्रा तापलेला.

आतली बॅटरी मेल्यापासून
हा रोज एक जानेवारी दोन हजार नऊला उठतो.
मीच तारीख घालून त्याला आजपर्यंत आणायचो.
आता तारीख बरोबर असली तरी
बँकेचं पान उघडत नाही.
तुमची प्रणाली जुनी झाली आहे, म्हणतं.
घरातले हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगतात.

तिनं रॅम काढली, खोडरबरनं घासली,
फुंकर मारून परत बसवली.
पेनड्राइव्ह लावला. टक्के चालू झाले.
अकरा. बावीस. चौतीसवर चहा.
त्रेसष्टला लाईट गेली.

खालचे माग एकेक करून थांबले.
उरली फक्त यूपीएसची टीं टीं.
दहा मिनिटं जगतो तो, त्यातली नऊ संपली.
शिवलीला कुठल्यातरी देवाला काहीतरी कबूल करत होती,
मी ऐकलं नाही असं दाखवलं.

लाईट आली. झालं.
पडदा निळा, कोरा, घडी न मोडलेला.
फक्त डिझाइनचा प्रोग्राम उघडेना,
ज्यात नानांचे मोर आहेत.
त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढलेले,
मी एकेक चौकोन टिचकी मारून आत नेलेले,
एका मोराला अकरा रात्री.
"ती कंपनीच बंद पडलीय, मामा."

मी माळ्याकडे बघितलं.
नानांचे पुठ्ठे तिथं दोऱ्यात ओवून लटकलेत.
त्यांना कुठलीच सिस्टीम लागत नव्हती.
भोक आहे, किंवा नाही.

"थांबा की. जुनं मी पुसलेलं नाही.
एकाच डिस्कवर दोन्ही ठेवते.
चालू करताना विचारेल, कुठल्यात जायचं.
उत्तराला तीस सेकंद."
"भांडणार नाहीत?"
"भांडायला दोघं एकदम जागे पाहिजेत ना ओ."

मला हसू आलं.
आजोबा तिकडून आले तेव्हापासून
आमच्यात हेच तर चाललंय.
उंबऱ्याच्या आत तेलुगू,
कडी वाजली की मराठी.
पावती मराठीत, तिची बेरीज मनात तेलुगूत,
शिव्या ज्या आधी सापडतील त्या.
आईनं शेवटचं पाणी मागितलं ते आतल्या भाषेत.
नर्सला कळलं नाही. मी सांगितलं.
तीस सेकंद कुठले लागतात.

शिवलीलानं चारशे घेतले,
बॅटरीचे वीस वेगळे.
तेव्हापासून नव्यात आणि जुन्यात
तारीख एकच असते.

रोज सकाळी काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात.
मी लगेच बटण दाबत नाही.
खाली पहिला माग सुरू होतो, मग दुसरा,
आकडा उतरत राहतो.
सात उरले की मोराकडे जातो.
बँक काय, दहाला उघडते.