दुसरा रंग

भुट्ट्याच्या कानाच्या पाळीमागे तीन गाठी,
एक हरभऱ्याएवढी, दोन मुगाएवढ्या.
दुखत नाहीत. तो माझं मनगट चाटतो.

रामबागेतून रिक्षानं आणलंय त्याला पुराणिकबाईंनी.
"कॅन्सर असेल तर सरळ सांगा हो भिया."
मी सरळ काहीच सांगत नाही. सुई घालतो.

पहिल्या रंगात जंतू दिसले नाहीत.
दिसल्या फुगलेल्या पेशी, आणि त्यांच्या पोटात
बारीक रेघांच्या रिकाम्या जागा,
तसबीर काढून नेल्यावर भिंतीवर उरते तशा.

म्हणून दुसरा रंग. काचेखाली स्पिरिटचा दिवा,
वाफ येईस्तोवर; उकळू द्यायचं नाही.
मग आम्ल. मग निळा.
आम्लानंही ज्यांचा लाल सुटला नाही
त्या काड्या, जुड्या बांधून पडलेल्या.

"कुष्ठरोगाच्या जंतूंचे लांबचे भाऊबंद," म्हणालो,
आणि जीभ चावली.

बाई खुर्चीत मागे सरकल्या.
त्यांच्या नमूआत्याचा कप वेगळा असायचा,
खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, कान तुटलेला.
चहा वरून ओतायचे.

"माणसाला होत नाही हा," मी घाईघाईनं,
"तीन-चार महिन्यांत बहुतेकदा आपोआप जिरतो.
माशा बसू देऊ नका. तुकडा महूला पाठवतो,
कल्चरमध्ये काही उगवायचं नाही बहुधा, तरी."

त्या ऐकत नव्हत्या.
हातमोजा नाही, काही नाही,
मोठी गाठ अंगठा नि बोटात धरून
चाचपत राहिल्या,
भिजवलेली डाळ फुगली का बघावी तशा.

"कोमट आहे," म्हणाल्या.