खालची शिवण

पाटीवर होतं ‘दामोदर पिसे अँड सन्स’
आणि घरात पोर एकही नव्हतं.
आडा बाजारात हे मशीन चालवायचे,
मी मागे बसून काजं करायची, तुरपाई घालायची,
आलेलं उसवायची.
उसवायला हात हलका लागतो, म्हणायचे,
फाडणारे काय, कुणीही असतात.

लुद्विकाबाई आली ती भर वैशाखात,
तुकोगंजहून टांग्यानं, हातावर लोकरीचा काळा कोट घेऊन.
टांगेवाला कुजबुजला, पोलंडची राजकन्या आहे.
आम्ही खुर्ची पुसली.
राजकन्येच्या बुटाला नाडीच्या जागी सुतळी होती.

तिचा मुलूख दोघांनी मिळून खाल्ला होता,
एक मावळतीकडून, एक उगवतीकडून,
भाऊबंदांनी बांध कोरत यावं तसा.
मधे तिचं घर आलं.
हे तिनं नाही सांगितलं, ह्यांनी पेपरात वाचलेलं.
ती नुसती कोटाची कड उलटी करून माझ्यापुढे धरायची
आणि म्हणायची, उसवा.
मराठी तिला शेवटपर्यंत दोनच शब्द आले.
दुसरा, शिवा.

अस्तराच्या आत अकरा कप्पे,
पेराएवढे,
टाका इतका बारीक की मला माझ्या काजांची लाज वाटली.
कुणी घातला, विचारलं
तर तिनं कडेवर मूल घेतल्यासारखा हात केला
आणि मग त्या मुलाकडे, म्हणजे स्वतःकडे, बोट दाखवलं.

दर तीन-चार महिन्यांनी एक कप्पा.
खडा निघायचा, रुमालात जायचा,
ती सराफ्यापर्यंत चालत जायची, टांगा न करता,
आणि बंगलेवाल्याचं भाडं चुकतं व्हायचं.
रिकामा कप्पा कशाला शिवता, ह्यांनी एकदा विचारलं.
शिवा, ती म्हणाली.
तिच्याजवळ किती उरलंय
हे सबंध इंदुरात मला एकटीला ठाऊक होतं.
मी कुणाशी बोलले नाही. सख्ख्या जावेशीही नाही.

एकदा मिलचा भोंगा झाला दुपारपाळीचा
आणि ती कापायच्या टेबलाखाली गेली.
हे कात्री हातात धरून तसेच उभे.
मी गेले खाली. चिंध्यांत बसलो दोघी
भोंगा थांबेस्तोवर,
आणि मग थोडा वेळ उगीच.
तिच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

अकराव्या कप्प्यात खडा नव्हता.
आधी वाटलं, तांदळाचा दाणा.
दात होता, दुधाचा.
तिनं हातानं उंची दाखवली: एवढा होता.
मग हात वर नेला, खांद्यावर बंदूक धरली,
मग हात खाली आला
आणि पुढे काही दाखवेना.
आमच्यात कौलावर फेकतात दुधाचा दात,
नवा लवकर यावा म्हणून.
हे मी म्हटलं नाही.
दुहेरी दोऱ्यानं शिवला.

लढाई संपली. आडा बाजारात कुणी पेढे वाटले.
ती आली, पण कोट उसवायला नाही.
अब वापस जाओगे?, ह्यांनी विचारलं.
तिनं टेबलावरचा खडू उचलला,
गडद सर्जच्या तुकड्यावर एक वेडावाकडा आकार काढला,
मधे ठिपका दिला: घर.
मग बाहीनं रेघ पुसली, ठिपका ठेवला,
आणि तोच आकार पुन्हा काढला, जरा डावीकडे सरकवून.
ठिपका बाहेर पडला.
ह्यांनी तो तुकडा कित्येक दिवस झटकला नाही.

मुंबईहून बोटीनं गेली म्हणतात,
कुठल्या बंदराला ते टांगेवाल्यालाही माहीत नव्हतं.
कोट अंगावर होता. मे महिना होता.

वहीत तिचं पान आहे अजून:
लुद्विकाबाई, तुकोगंज, उसवणे व शिवणे,
दोन आणे जास्तीचे जमा.
परत द्यायचे राहिले.
आता आणेही चालत नाहीत.