परिशिष्ट

रुपुनुनी नदीवरचं काम संपलं.
वाल्ड्रनने होडी ओढून काजूच्या झाडाखाली पालथी घातली,
माझ्या पिशवीत फरीनची पुरचुंडी कोंबली,
आणि पावसाविषयी काहीतरी बोलला.

आता जॉर्जटाउन. भाड्याची खोली, घरघरता पंखा.
एकतीस पाणमांजरं तक्त्यात बसलीत,
प्रत्येकाला एक ओळ.
गळ्यावरच्या डागांवरून ओळखायचो आम्ही त्यांना:
एकाचा डाग फुटक्या बशीसारखा,
एकाचा वाल्ड्रनच्या आत्याच्या नाकासारखा
(हे तक्त्यात नाही).

प्रबंधात ‘मी’ चालत नाही.
निरीक्षण केले गेले.
नोंदी घेतल्या गेल्या.
मग रात्रभर हिवतापाने कुडकुडले गेले,
तेही लिहू का बाई?

सतरावी ओळ अडली आहे.
सप्टेंबरपासून दिसली नाही ती.
बाई विचारतात, मृत की स्थलांतरित?
रकाना रिकामा ठेवता येत नाही.
त्या वळणावर वाल्ड्रन रोज इंजिन बंद करायचा,
काही न बोलता.
किती मिनिटं, ते मी कधी लिहून ठेवलं नाही.

वही उघडली तर अजून माशाचा वास.
सप्टेंबरच्या पानाला एक खवला चिकटलाय,
नखाएवढा, उजेडात धरला की गुलाबी.
खरवडून काढायला गेले
तर अक्षरंही निघायला लागली.